अंथरूण पाहून पाय पसरल्याचा गुन्हा

ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्या आईआजींनी आपल्याला दिली. या शिकवणुकीप्रमाणे वागणाऱ्याची जगाने वाहवा करावी, असा आपला आग्रह नसतो. निदान त्याला शिक्षा होऊ नये, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. स्पेनमधील एका लहान फुटबॉल क्लबाच्या बाबतीत मात्र ही माफक अपेक्षाही फोल ठरली. २०१४ साली या क्लबाने देशातील दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद पटकाविले आणि आपल्या इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीत पाऊल टाकण्याचा हक्क मिळविला. त्याच्या डोक्यावर कर्ज नव्हते. तरीही त्याला बजावण्यात आले : ६ ऑगस्टपर्यंत सुमारे सतरा लाख युरोंचे नवे भागभांडवल उभे करा, नाहीतर पहिल्या श्रेणीचा दरवाजा तर बंद होईलच, शिवाय दुसऱ्या श्रेणीतूनही तुम्हाला खाली, तिसऱ्या श्रेणीत ढकलले जाईल.

या क्लबाचे नाव सोसिएदाद देपोर्तिवा एइबार. त्याचा गुन्हा एवढाच की, तो लहान होता आणि आपल्या ऐपतीला शोभेल इतकाच खर्च करीत होता.

वाङ्मयीन त्रैमासिकात फुटबॉलची ही उठाठेव कशाला, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, आज आपल्या घराघरांतील मुले बार्सिलोना आणि रिअल माद्रिद या क्लबांची नावे असलेले सदरे घालून हिंडतात. मेस्सीने किती गोल केले हे त्यांना तोंडपाठ असते. ज्यांचे सदरे आपली मुले घालतात, त्यांच्याच साखळी स्पर्धेत एका कारागिरांच्या गावाला कोणती वागणूक मिळाली, हे त्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी जाणून घ्यावे, असे आम्हांला वाटते. शिवाय समाजाने पैपैसा जमवून उभारलेल्या संस्थेचा धनी कोण, आणि लहान असणे हा दोष आहे काय, हे प्रश्न केवळ मैदानापुरते मर्यादित नाहीत.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. एइबार हे उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातील, गिपुस्कोआ प्रांतातले गाव. संत इग्नेशियस लोयोला याच प्रांतात जन्मले. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नवारा प्रांतातले. १५४२ साली झेवियर गोव्यात उतरले, तेव्हापासून या डोंगराळ मुलखाशी आपले नाते जडलेले आहे. एइबारचे नाव मात्र आजवर आपल्या कानी पडले नसेल, तर त्यात नवल नाही. गावाची वस्ती अवघी सत्तावीस हजारांच्या आसपास. डोंगरांनी आवळून धरलेल्या अरुंद दरीत कारखाने आणि उंच इमारती एकमेकांना खेटून उभ्या आहेत. माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेउ मैदानात हे सारे गाव, तान्ह्या बाळांसकट, नेऊन बसविले, तरी जवळजवळ दोन-तृतीयांश आसने रिकामी राहतील.

हे गाव भाविकतेसाठी प्रसिद्ध नव्हते, ही गोष्ट आमच्या वाचकांपासून आम्ही लपवू इच्छित नाही. ते कामगारांचे आणि समाजवाद्यांचे गाव. १४ एप्रिल १९३१ रोजी पहाटे स्पेनमध्ये सर्वांआधी प्रजासत्ताकाची घोषणा येथेच झाली. कित्येक शतके या गावाचा धंदा बंदुका घडविण्याचा. आजही तेथील फुटबॉल संघाला बंदूकवाल्यांचा संघ म्हणूनच ओळखतात. पण या कारागिरांची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९२० साली, शस्त्रधंद्याला उतरती कळा लागली असताना, त्यांच्यापैकी काहींनी एकत्र येऊन 'आल्फा' नावाची सहकारी संस्था काढली, आणि पुढे तिने शिवणयंत्रे तयार करून नाव कमावले. ऑर्बेआ हा बंदुकांचा जुना कारखाना सायकलींकडे वळला. तलवारींचे फाळ होतील हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न येथे पूर्णपणे साकार झाले, असे आम्ही म्हणणार नाही, कारण बंदुकाही बनतच राहिल्या. पण संकट आले की मालकाच्या दारात हात पसरायचा नाही, आपापसांत भांडवल जमवायचे, ही सवय गावाच्या हाडीमांसी खिळली, एवढे खरे.

याच देबा नदीच्या खोऱ्यात, एइबारपासून फार दूर नसलेल्या मोंद्रागोन गावी १९४१ साली एक तरुण धर्मगुरू रुजू झाले. फादर होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता हे त्यांचे नाव. त्यांनी प्रथम मुलांसाठी तंत्रशाळा काढली. त्या शाळेच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी १९५६ साली एक लहानसा सहकारी कारखाना सुरू केला, आणि त्या रोपट्याचा पुढे जगप्रसिद्ध सहकारी वृक्ष झाला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या धर्मगुरूंना 'आदरणीय' घोषित केले. एका गावी समाजवादी कामगार, दुसऱ्या गावी कॅथलिक धर्मगुरू. दोघांचे पंथ भिन्न असले, तरी जे आपण मिळून उभारले ते आपले मिळूनच असावे, या एका बाबतीत त्यांचे एकमत होते.

आता क्लबाकडे वळू. यादवी युद्धात एइबार कित्येक महिने आघाडीच्या रेषेवर होते. एप्रिल १९३७ मध्ये, ज्या महिन्यात गेर्निकाची राखरांगोळी झाली त्याच महिन्यात, एइबारवरही बॉम्ब पडले आणि गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्या ढिगाऱ्यांतून सावरत असताना, १९४० साली, गावातील दोन संघ एकत्र आले आणि आजचा क्लब जन्मला. १९४७ साली इपुरुआ हे मैदान तयार झाले. हे मैदान इतके इमारतींच्या कुशीत आहे की, आसपासच्या घरांतील माणसे आपल्या सज्जांत उभी राहून सामना पाहू शकतात. १९५३ साली हा संघ प्रथम दुसऱ्या श्रेणीत चढला आणि पाच हंगामांनंतर खाली आला. १९८८ साली पुन्हा चढला आणि या वेळी सलग अठरा हंगाम तेथे टिकून राहिला.

टिकला तो कशाच्या बळावर? महागडे खेळाडू विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणून तो मोठ्या क्लबांचे कोवळे खेळाडू हंगामापुरते उसने घेई, त्यांना चिखलात आणि पावसात खेळवून तयार करी आणि मुकाट्याने परत पाठवी. पुढे विश्वविजेत्या स्पेन संघात खेळलेला शाबी अलोन्सो २०००-०१ च्या हंगामात येथेच घडला. त्याच संघातील दाविद सिल्वा २००४-०५ मध्ये येथे होता, आणि त्या वर्षी एइबारचा पहिल्या श्रेणीतील प्रवेश थोडक्यात हुकला. नंतर संघ खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. २०१३ साली तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला आणि गाईस्का गारितानो या प्रशिक्षकाच्या हाताखाली लागोपाठ दुसऱ्याच वर्षी, २५ मे २०१४ रोजी, आलावेसला १-० असे हरवून त्याने पहिल्या श्रेणीचे दार उघडले. त्या वेळी इपुरुआत जेमतेम पाच-सहा हजार माणसे बसू शकत होती.

आणि नेमक्या याच वेळी कायदा पुढे सरसावला.

हा कायदा समजून घेतल्याशिवाय आमचा रोष वाचकांना समजणार नाही. १९८० च्या दशकात स्पेनमधील फुटबॉल क्लब कर्जाच्या गाळात रुतले होते. त्यांना शिस्त लागावी म्हणून १९९० साली संसदेने क्रीडा कायदा केला. पहिल्या दोन श्रेणींतील क्लबांनी यापुढे भागधारकांच्या कंपन्या व्हावे, असे ठरले. त्यातून चार क्लबांना सूट मिळाली, कारण १९८५-८६ पासूनचे त्यांचे ताळेबंद सुस्थितीत असल्याचे दिसून आले. ते चार म्हणजे रिअल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओचा अथलेटिक आणि पाम्प्लोनाचा ओसासुना. ते सभासदांच्याच मालकीचे राहिले. बाकीच्यांनी कंपनीचा अंगरखा चढविला. पुढे १९९९ च्या शाही आदेशाने भांडवलाचा नियम घालून दिला तो असा : श्रेणीतील सर्व क्लबांच्या खर्चाची सरासरी काढावी, त्यातून सर्वांत जास्त खर्च करणारे दोन आणि सर्वांत कमी खर्च करणारे दोन वगळावेत, आणि उरलेल्या सरासरीच्या चौथ्या हिश्शाइतके भागभांडवल प्रत्येक क्लबापाशी असावे.

सुज्ञ वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मेख आहे ती येथेच. तुमचे भांडवल पुरेसे आहे की नाही, हे तुमच्या देण्यांवरून ठरत नाही, तुमच्या उत्पन्नावरून ठरत नाही, तर तुमचे शेजारी किती खर्च करतात यावरून ठरते. शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नात हजार पाने उठविली, म्हणून शंभर पाहुण्यांत लग्न उरकणाऱ्या घराला दंड करावा, अशातला हा प्रकार. एइबारपाशी सुमारे चार लाख युरोंचे भागभांडवल होते. नियमाप्रमाणे ते सुमारे एकवीस लाख व्हायला हवे होते. उधळ्यांना लगाम घालण्यासाठी केलेला कायदा काटकसर करणाऱ्याच्या मानेवर बसला, आणि ज्यांच्या उधळपट्टीमुळे सरासरी फुगली, त्यांना कोणी जाब विचारला नाही.

या कायद्याच्या बाजूने जे बोलले जाते, त्याचा विचार न करता पुढे जाणे उचित होणार नाही. पहिला मुद्दा असा की, कायदा सर्वांना समान असावा. एकाला सवलत दिली की दुसरा मागेल. हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. पण समान कायदा म्हणजे सर्वांच्या अंगावर एकाच मापाचा सदरा नव्हे. घेणेकऱ्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून भांडवल हवे, हा नियमाचा हेतू असेल, तर ज्याच्याकडे कोणाचे घेणेच नाही, त्याच्याकडून कोणाचे रक्षण करायचे होते? आणि समानतेचा इतका आग्रह होता, तर चार क्लब बाहेर कसे राहिले? १९८५-८६ पासून ताळेबंद सुस्थितीत असणे ही चौघांच्या बाबतीत पात्रता ठरली. २०१४ मध्ये ताळेबंद सुस्थितीत असणे एइबारच्या बाबतीत मात्र विचारातही घेतले गेले नाही.

दुसरा मुद्दा असा की, लहानांनी लहानांतच खेळावे. मोठ्यांच्या पंक्तीला बसायचे तर मोठ्यांइतकी पुंजी हवी. हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो, पण तो मान्य केला की खेळ संपतो आणि उरतो तो लिलाव. बेचाळीस सामन्यांच्या घामाने जी जागा मिळते, ती तिजोरी पाहून द्यायची असेल, तर बेचाळीस सामने खेळायचेच कशाला? हा केवळ आमचा कल्पनाविलास नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी, त्यांत रिअल माद्रिद, बार्सिलोना आणि अथलेटिको माद्रिद हे तिघे स्पेनचे, स्वतःची वेगळी 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापक क्लबांची जागा तीत कायमची राखीव. हरले तरी बाहेर जायचे नाही. इंग्लंडमधील सामान्य प्रेक्षकच रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत हा डाव कोसळला. पण मोठ्यांच्या मनात काय आहे, हे जगाला कळून चुकले.

तिसरा मुद्दा अधिक चतुर आहे. कायद्याच्या या बडग्यामुळेच एइबारची कीर्ती जगभर पसरली, म्हणजे कायद्याने त्याचे भलेच केले, असे काही जण म्हणतात. रात्री चोर घरात शिरला म्हणून सकाळी आपण दाराला भक्कम कडी बसविली, तर कडीचे श्रेय चोराला द्यायचे काय?

त्या कडीची हकिकत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण या साऱ्या प्रकरणातील खरा बोध तीत आहे. क्लबापुढे दोन वाटा होत्या. पहिली सोपी : एखादा धनिक गाठावा, त्याच्याकडून सतरा लाख घ्यावेत आणि किल्ल्या त्याच्या हाती द्याव्यात. युरोपात असे धनिक मिळणे अवघड नव्हते. आपले जुने क्लब परदेशी मालकांच्या हाती गेलेले अनेक गावांनी पाहिले आहेत. एइबारने दुसरी वाट धरली. पन्नास युरो किमतीचे भाग विक्रीला काढले आणि एका भागधारकाला एक लाख युरोंपेक्षा अधिक रकमेचे भाग घेता येणार नाहीत, अशी मर्यादा घातली. 'एइबारचे रक्षण करा' अशी हाक दिली. शाबी अलोन्सोसारख्या जुन्या खेळाडूंनी मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला. गावकरी आले, आसपासच्या गावचे आले, आणि ज्यांनी हे गाव नकाशातही पाहिले नव्हते, असे पन्नासहून अधिक देशांतील लोक आले. मुदतीपूर्वीच, जुलैमध्ये, रक्कम पूर्ण झाली. क्लबाला सुमारे दहा हजार धनी मिळाले, म्हणजेच एकही धनी मिळाला नाही.

आमच्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, कपाटातील कागदपत्रांत, एखाद्या सहकारी पतपेढीचा पिवळा पडलेला भागदाखला असेल. आजोबांनी किंवा आजीने भाजी विकून, मासळी विकून घेतलेला तो भाग. त्या कागदाची किंमत बाजारात फारशी नसेल, पण त्या कागदाने आजोबांना सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क दिला होता. विधवेच्या दोन टोल्यांची प्रभूने थोरवी सांगितली, ती आपण दरवर्षी देवळात ऐकतो. पन्नास युरोंचा एक भाग घेणाऱ्या एइबारच्या निवृत्त कामगाराला ती गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला परीकथा म्हटले; कोणी दावीद आणि गल्याथ यांची उपमा दिली. या उपमेला आमची हरकत आहे. दावीदाचा विजय एका दुपारचा, एका गोट्याचा. एइबारचा विजय वर्षानुवर्षांच्या हिशेबाच्या वहीचा. शुभवर्तमानातील दुसराच दाखला येथे लागू पडतो : बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि येणारेजाणारे हसतात. परीकथा म्हटले की माणसे टाळ्या वाजवून घरी जातात. हिशेब म्हटला की स्वतःची वही उघडावी लागते. म्हणूनच जगाला परीकथा अधिक आवडते.

पहिल्या श्रेणीतील पहिला सामना २४ ऑगस्ट २०१४ रोजी इपुरुआवर झाला. प्रतिस्पर्धी शेजारचाच, सान सेबास्तियानचा रिअल सोसिएदाद. हावी लाराच्या फ्री किकवर एइबार १-० ने जिंकला. हंगामाची सुरुवात झकास झाली, उत्तरार्ध मात्र वाईट गेला. अखेरीस ३५ गुण, अठरावा क्रमांक आणि खाली घसरण. पण येथे जे घडले, ते आमच्या मुद्द्याला इतके पोषक आहे की, कोणी कथेत लिहिले असते, तर आम्ही ते अतिरंजित ठरविले असते. त्याच हंगामात तेराव्या क्रमांकावर आलेल्या एल्चे क्लबाने करांची देणी थकविली होती. २०१५ च्या जूनमध्ये त्याला शिक्षा म्हणून खालच्या श्रेणीत पाठविण्यात आले, आणि एइबारची जागा राहिली. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यालाच अखेर पाय पसरायला जागा मिळाली. एल्चेच्या प्रेक्षकांचे दुःख आम्ही हलके लेखीत नाही. त्यांनी काही चूक केली नव्हती. चूक वही सांभाळणाऱ्यांची होती, आणि किंमत गावाने मोजली. ऋण काढून केलेल्या सणाचे बिल नेहमी असेच दुसऱ्याच्या दारी येते.

त्यानंतर होसे लुइस मेंदिलिबार प्रशिक्षक म्हणून आले. ते एइबारला लागूनच असलेल्या साल्दिबारचे. त्यांच्या सहा हंगामांत संघ चौदावा, दहावा, नववा, बारावा, पुन्हा चौदावा आणि अखेरीस विसावा आला. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी इपुरुआवर रिअल माद्रिदचा ३-० असा पराभव झाला. २०१६ साली आमाइया गोरोस्तिसा यांच्या रूपाने एका महिलेकडे अध्यक्षपद आले, आणि २०२० मध्ये क्लबाचा महिला संघही देशाच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला.

या टिकून राहण्याला केवळ सद्गुण कारणीभूत होते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१५ पर्यंत स्पेनमधील प्रत्येक क्लब दूरचित्रवाणीचे हक्क आपापले विकत असे. साहजिकच रिअल माद्रिद आणि बार्सिलोना सिंहाचा वाटा उचलीत. एप्रिल २०१५ च्या आदेशाने हे हक्क एकत्र विकण्याची सक्ती झाली. पहिल्या श्रेणीच्या वाट्याचा अर्धा हिस्सा सर्वांना सारखा आणि उरलेला कामगिरी व लोकप्रियता यांनुसार, असे ठरले. लहान क्लबांच्या हाती प्रथमच पुरेसा पैसा आला. म्हणजे कायदा हा आमचा शत्रू नाही. १९९९ च्या आदेशाने लहानाकडे मोठ्याचे माप मागितले. २०१५ च्या आदेशाने सर्वांनी मिळून पिकविलेल्या शेतातला न्याय्य वाटा लहानाच्या पदरात टाकला. कायद्यानेच अन्याय होतो आणि कायद्यानेच तो दूर होतो. पाहायचे एवढेच की, कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण असतो.

पोप अकरावे पायस यांनी मे १९३१ मध्ये, एइबारने प्रजासत्ताक घोषित केल्यानंतर जेमतेम महिन्याभरात, 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. लहान समूह जे काम स्वतःच्या बळावर करू शकतो, ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय होय, हे तत्त्व त्यांनी त्यात ठामपणे मांडले. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा तो एक आधारस्तंभ आहे. मोठ्या समूहाचे काम लहानाला आधार देण्याचे. त्याला गिळण्याचे नव्हे, आणि आपल्यासारखा फुगण्याची सक्ती करण्याचे तर मुळीच नव्हे. एइबारच्या बाबतीत हे तत्त्व प्रवचनपीठावरून उतरून मैदानावर आले, असे आम्ही समजतो.

राहिला तो विरोधकांचा शेवटचा आणि सर्वांत जोरकस मुद्दा : अखेर २०२१ साली एइबार घसरलाच ना? होय, घसरला. ३० गुण मिळवून विसाव्या, म्हणजे अगदी तळाच्या, क्रमांकावर आला. दुसऱ्या वर्षी थेट परतण्याची संधी शेवटच्या सामन्यात, आधीच खालच्या श्रेणीत गेलेल्या आल्कोर्कोनकडून १-० असे हरून, त्याने घालविली. त्यानंतरच्या प्रयत्नांतही २०२३ मध्ये आलावेसने आणि २०२४ मध्ये ओविएदोने त्याची वाट अडविली. यात लपविण्यासारखे काही नाही. सात हंगाम मोठ्यांच्या पंक्तीला बसून तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला.

पण तो हरून गेला, बुडून गेला नाही. या दोन शब्दांतील अंतर ओळखता आले नाही, तर आमचा सारा लेख व्यर्थ आहे. ज्या उन्हाळ्यात एइबार खाली गेला, त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर जाहीर केले की, क्लबावर १३५ कोटी युरोंचे देणे आहे. त्याच महिन्यात आपल्या मुलांच्या लाडक्या मेस्सीला डोळ्यांत पाणी आणून तो क्लब सोडावा लागला, कारण त्याचा पगार नियमांत बसविणे क्लबाला शक्य नव्हते. हाच तो क्लब, ज्याला १९९० च्या कायद्याने सुस्थितीचे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे सोडले होते. एकाला सतरा लाखांसाठी हद्दपारीची धमकी. दुसऱ्याला १३५ कोटींचा डोंगर उभा करण्याइतकी मोकळीक. यांपैकी कोणाचा कारभार 'व्यवहारी' आणि कोणाचा 'भाबडा', हे वाचकांनीच ठरवावे.

२०२२ च्या अखेरीस स्पेनने नवा क्रीडा कायदा केला आणि क्लबांनी कंपनी झालेच पाहिजे ही सक्ती रद्द केली. बत्तीस वर्षांनी सरकारला जे उमगले, ते एइबारच्या कारागिरांना १९२० सालीच ठाऊक होते.

आम्ही हे सारे लिहितो ते कोणाला एइबारचा पाठीराखा करण्यासाठी नव्हे. मुलांनी कोणता सदरा घालावा, हे मुलांना ठरवू द्यावे. पण पुढील सणाच्या वेळी, किंवा संस्थेच्या वर्धापनदिनी, कोणी सभेत उठून म्हणेल की, शेजारच्या धर्मग्रामाने एवढा मोठा मंडप घातला, आपण मागे का राहावे. कोणी म्हणेल की, अमुक एक शेठ सगळा खर्च उचलायला तयार आहेत, फक्त कमिटीत त्यांची माणसे घ्या. तेव्हा कोणीतरी उठून संस्थेची वही मागावी. शेजाऱ्याच्या खर्चावरून आपले माप ठरवू नये, आणि दहा हजार हातांनी उचलता येईल ते ओझे एका हाती देऊ नये. असे बोलणाऱ्याला सभेत कद्रू म्हणतील, भाबडा म्हणतील. म्हणू देत. सत्तावीस हजारांच्या एका गावाने हे सारे ऐकून घेतले, आणि तरीही माद्रिदच्या धनाढ्यांना आपल्या पावसाळी मैदानावर खेळायला यायला लावले.